लाईट गेली की काय काय काढायचं

परभणीत कॉम्प्युटरला हात लावणाऱ्या माणसाला सर म्हणतात. हात लावल्यानंतर त्या कॉम्प्युटरचं पुढे काय झालं, हे विचारायची पद्धत नाही. त्या जोरावर स्टँडजवळच्या दुकानात मी इतकी वर्षं सर म्हणून मिरवतो आहे. इंग्रजीच्या तासाला मला वर्गाबाहेर उभं करणारे गुरुजीसुद्धा आता प्रिंटरमध्ये कागद अडकला की येतात आणि म्हणतात, "सर, एवढं बघा ना." मीही न हसता बघतो. कागद निघतो. कधी कधी त्याच्याबरोबर प्रिंटरचा एखादा दातही निघतो.

दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटल्यावर मला आधी वाटलं, आपण दुरुस्त केलेल्या एखाद्या नामांकित मशीनबद्दल लिहावं. पण डोळ्यांसमोर आला तो बोटाच्या पेराएवढा, निळा दिवा लुकलुकवणारा एक वायफाय अ‍ॅडाप्टर आणि त्याच्यापायी बोरी या गावी घातलेल्या खेपा.

लॅपटॉपचं आतलं वायफाय गेलं की आम्ही बाहेरून यूएसबीच्या खाचेत असा अ‍ॅडाप्टर खोचतो. पण नुसतं खोचून भागत नाही, त्याचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे काय, ते मी आमच्याकडच्या लोकांना असं सांगतो. निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत आहेत. कागद खरा, मालकही खरा. पण उर्दू वाचणारा एखादा म्हातारा दोघांच्या मध्ये बसल्याशिवाय बांध कुठून कुठे जातो ते मालकाला कळत नाही. तो म्हातारा म्हणजे ड्रायव्हर. तो रुसला, झोपला किंवा भलत्याच तालुक्याचा निघाला, की अ‍ॅडाप्टर आणि लॅपटॉप नुसते एकमेकांकडे बघत बसतात.

त्यातून स्वस्तातले अ‍ॅडाप्टर बहुरूप्यासारखे असतात. पहिल्यांदा खोचला की तो लॅपटॉपला सांगतो, मी सीडी आहे. त्या खोट्या सीडीत त्याचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. तो बसवून घेतला की साहेब सीडीचं सोंग उतरवतात आणि वायफाय होतात. हे आता माहीत आहे. पहिल्यांदा हा माल मागवला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी अख्खं खोकं हैदराबादच्या व्यापाऱ्याला परत पाठवलं आणि वर फोनवर झापलं, "मियाँ, वायफाय मांगे थे, सीडी कायकू भेजे?" तो फार प्रेमाने म्हणाला, "सेठ, दुकान तुम्हारीच है ना?"

तर असा एक बहुरूपी मी सुजाता खिल्लारेच्या लॅपटॉपला लावून दिला. सुजाता बोरीची, परभणीतल्या एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करायची, सकाळच्या एसटीने घरी जायची आणि दुपारी जर्मन भाषेचा अभ्यास करायची. जर्मनीतल्या एका रुग्णालयात जागा होती आणि त्यासाठी लॅपटॉपवरून, व्हिडिओवर मुलाखत द्यायची होती. मुलाखत एकदाच. मधेच जोडणी तुटली तर बाद, आणि पुन्हा नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नव्हतं. तिने लॅपटॉप साफसफाईला माझ्याकडे दिला होता. त्याचं आतलं वायफाय आधीच गेलेलं होतं, की मी तो उघडल्यावर गेलं, हा प्रश्न अजून अनिर्णित आहे. मी तिला अ‍ॅडाप्टर फुकट दिला, यावरून वाचकांनी काय तो अंदाज बांधावा.

आधी मी म्हटलं, मुलाखत दुकानातूनच दे. एकदा रंगीत तालीम केली. तिच्या जर्मन शिकवणाऱ्या बाई पडद्यावर आल्या आणि मागे पेनड्राइव्ह घ्यायला आलेल्या ताडकळसच्या एका गृहस्थांनी पुढे वाकून त्यांना नमस्कार केला, गाव विचारलं. तो विचार तिथेच संपला. बोरीला घरात केबलचं इंटरनेट होतं, पण लॅपटॉपला ती केबल लावायची खाचच नव्हती. मोबाईलला मात्र फक्त गच्चीवर रेंज. म्हणजे सगळी मदार त्या निळ्या दिव्यावर.

दोन-तीन दिवसांत फोन आला. सुजाताचे वडील उत्तमराव बोलत होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. "सर, जय भीम. ते तुमचं बारकं यंत्र मेलंय."

"बंद करून चालू करा."

"केलं की. जित्तं होईना गेलंय."

सकाळी मोटारसायकल काढली. वाटेतली झरी मागे टाकली आणि बोरीला पोचलो. लॅपटॉपमधली यादी उघडली, जिच्यात मशीनला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची नावं असतात. अ‍ॅडाप्टरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. लपलेली नावंही दाखव म्हटलं, तर त्याच अ‍ॅडाप्टरची फिकट नावं एकाखाली एक, रांगेने, प्रत्येकापुढे वेगळा आकडा. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा नाव नोंदवावं तशी. मी म्हटलं, काय हा कचरा! आणि एकेक करून सगळी पुसून टाकली. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला, लॅपटॉप नव्याने सुरू केला. दिवा लुकलुकला. शांताबाईंनी, म्हणजे सुजाताच्या आईने, सुशीला केला होता. मुरमुऱ्यांचा इतका मोकळा सुशीला मी दुसरीकडे खाल्लेला नाही. आनंदाने परत आलो.

पुढच्या दिवशी संध्याकाळी फोन. "सर, पुन्हा गेलं."

दुसऱ्या खेपेला मी वीज वाचवण्याच्या सेटिंगला पकडलं. लॅपटॉप आपली वीज वाचवायला अशा वस्तूंना मधेच झोपवतो. ते बंद केलं. खाचेत मुंग्या गेल्या असतील म्हणून फुंकरही मारली. चाललं. सुशीला खाल्ला. परत आलो. पुन्हा फोन.

तिसऱ्या खेपेला माझ्यातला सर पेटला आणि मी विंडोजच पुसून नव्याने टाकली. टाकून झाल्यावर लक्षात आलं की नव्या विंडोजला बहुरूप्याच्या पोटातला जुना ड्रायव्हर चालत नाही. नवा ड्रायव्हर इंटरनेटवर आहे. आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय नाही. विहिरीत उतरायची शिडी विहिरीच्या तळाशी ठेवून मी काठावर उभा होतो.

शेवटी गच्चीवर गेलो, मोबाईलची रेंज वायरने लॅपटॉपला द्यायला. उन्हाळ्याचे दिवस. गच्चीभर कुरडयांचं वाळवण. मधे जेवढी जागा होती तेवढ्यात मांडी घालून मी बसलो आणि उत्तमरावांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली. ड्रायव्हर मुंगीच्या पावलांनी उतरत होता.

उत्तमराव म्हणाले, "इथं रेंज हाय तर मुलाखत बी इथंच दे की गं."

"आणि त्यांना काय दाखवू अण्णा, कुरडया?" सुजाता जिन्यातून म्हणाली.

"दाखव की. जर्मनीत कुठं मिळत्यात?"

चाललं. खाली येऊन सुजाताने जर्मनमध्ये काहीतरी म्हणून बघितलं, पडद्यावर तिच्या शिकवणीच्या बाई हसल्या. उत्तमराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, एक सांगू? तुमच्या हाताला गुण हाय. तुमी घरात असलात की ते चालतंय. तुमी झरी वलांडली की मरतंय."

मी वरवर हसलो. पण परतीच्या वाटेवर मला ते पटायला लागलं होतं, हे कबूल करतो. खरंच, माझ्यासमोर ते एकदाही बंद पडलं नव्हतं. त्या रात्री मी बायकोला विचारलं, "माझ्या हाताला गुण आहे का गं?" ती म्हणाली, "मिक्सरला विचारा." तो मी दुरुस्त केला होता.

तीन दिवसांनी फोन आला तेव्हा मुलाखत अगदी तोंडावर होती आणि या वेळी सुजाता स्वतः बोलत होती. आवाज पडलेला. "सर, मी शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, माझं होत नाही म्हणून. उगीच सगळ्या गावाला आशा नको."

मला त्या अ‍ॅडाप्टरचा राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला त्याचं कुतूहल वाटायला लागलं होतं. एवढीशी वस्तू. मी असताना चालते, नसताना मरते. माझ्यात आणि तिच्यात असं काय आहे? मी दुपारी दुकान बंद केलं आणि बोरी गाठली. आधीच्या सगळ्या खेपा सकाळच्या होत्या, कारण दुपारी माझ्याकडे गिऱ्हाईक असतं.

"आज मी कशालाच हात लावणार नाही," मी जाहीर केलं. "पूर्वीसारखा ड्रायव्हर घालून देतो आणि नुसता बसतो. तुम्ही तुमचं रोजचं चालू द्या."

"नुसतं बसायचे बी पैसे लागतेत का?" उत्तमरावांनी विचारलं.

"सुशीला लागतो."

सुजाता अभ्यासाला बसली. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत. शांताबाई टीव्हीसमोर शेंगा सोलत होत्या. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीभोवती बारक्या रंगीत दिव्यांची माळ चमकत होती. फ्रीज गुरगुरत होता. अ‍ॅडाप्टर लुकलुकत होता, मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे.

आणि लाईट गेली.

पुढे जे घडलं त्याला किती वेळ लागला असेल? शेंगेचं टरफल खाली पडेपर्यंत सगळं झालेलं होतं. शांताबाई उठल्या, फ्रीजची पिन काढली. सुजाताने मोबाईलचा चार्जर काढला. उत्तमरावांनी टीव्हीची पिन काढली, तसबिरीच्या माळेची काढली आणि त्याच झपाट्यात लॅपटॉपकडे वळले. तिथे त्यांचा हात दुसऱ्या एका हातावर आपटला. त्या हाताने अ‍ॅडाप्टर आधीच उपटून मुठीत घेतला होता.

तो हात माझा होता.

आमच्याकडे हे कोणी शिकवत नाही. लाईट जाते, आणि परत येताना अशी उसळून येते की कोणाचा पंखा जातो, कोणाचा फ्रीज. म्हणून लाईट गेली की उठायचं आणि सगळं काढायचं. परभणीत माझ्या घरी हेच, दुकानात हेच. अंगावर माशी बसली की हात जातो तसा हात जातो. मी मूठ उघडली. आत तो बहुरूपी, दिवा विझलेला, अजून कोमट.

मग सुजाता हळूच म्हणाली, "सर… हे तर आम्ही रोज दुपारी लाईट गेली की काढतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत का? लाईट गेल्यावर काढायचं नाही तर काय करायचं? उद्या म्हणाल, श्वास घेता तेही सांगायचं होतं."

आता मला ती फिकट नावांची रांग आठवली. लॅपटॉपने मला केलेली खूण होती ती! चालू मशीनमधून अशी वस्तू उपटणं तसं चालतं, चांगले ड्रायव्हर सांभाळून घेतात. पण आमचा म्हातारा उर्दू वाचता वाचता मधेच कागद ओढून घेतल्यासारखा आ वासून तसाच राहायचा. लाईट आली की उत्तमराव अ‍ॅडाप्टर पुन्हा खोचायचे, हाताला लागेल त्या खाचेत. खाच बदलली की लॅपटॉपला वाटायचं, हा कोणी नवाच आला, आणि नवं नाव लिहायचा. जुना तर अजून आ वासूनच. बंद करून चालू करा हा माझा सल्लाही फुकट, कारण आजकालचे लॅपटॉप बंद म्हटल्यावर पुरते बंद होत नाहीत, डोळा मिटून पडतात. त्या रांगेतलं एकेक नाव म्हणजे बोरीची एकेक गेलेली लाईट होती. आणि तो सगळा पुरावा मी पहिल्याच खेपेला, कचरा म्हणून, मोठ्या ऐटीत पुसला होता.

मी उत्तमरावांना समजावलं, की अ‍ॅडाप्टर लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो. भिंतीतली लाईट उसळली तर चार्जरला धोका, तो काढा. ह्याला काही होत नाही.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. तिकीट तपासावं तसं. मग म्हणाले, "ठीक हाय. मग तुमी का काढलात?"

मी अ‍ॅडाप्टर गुपचूप परत खाचेत खोचला.

"सवय," मी म्हटलं.

"हां. मग गुण हाताला न्हाई, सवय हाय हाताला."

दुसऱ्या दिवशी मी इंटरनेटच्या डब्यासाठी एक छोटी बॅटरीची पेटी नेली, लाईट गेली तरी तो चालू राहावा म्हणून. अ‍ॅडाप्टर एका खाचेत बसवून त्यावर लाल चिकटपट्टी मारली. राहिला होता माणसांचा ड्रायव्हर. त्यासाठी आम्ही कवायत घेतली. मी मेन स्विच पाडायचा, बाकीच्यांनी सगळं काढायचं, लाल पट्टी सोडून. पहिल्यांदा स्विच पाडला तर उत्तमराव थेट लाल पट्टीवर.

"अण्णा!" सुजाता ओरडली.

"अगं मी न्हाई गेलो, हात गेला. सगळी नोकरी घंटीची दोरी ओढण्यात गेली ह्याची."

पुन्हा स्विच, पुन्हा लाल पट्टी. शांताबाई म्हणाल्या, "सर, ह्यांचे हात मागं बांधायचे का?" शेवटी असं ठरलं की मुलाखतीच्या वेळी उत्तमरावांनी त्या खोलीत जायचंच नाही. आणि मी आतल्या खोलीत त्यांच्याजवळ बसायचं. कारण काहीही म्हटलं तरी, गुण नसला तरी असू द्या एखादा सर घरात.

मुलाखत दुपारी होती. खोलीच्या खिडक्या लावलेल्या, दार थोडं उघडं. त्या फटीतून सुजाताची पाठ दिसत होती आणि पलीकडे निळा दिवा. ती बोलत होती. आम्हाला एक शब्द कळत नव्हता. उत्तमराव तरी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

आणि लाईट गेली.

शांताबाईंनी आवाज न करता फ्रीजची पिन काढली. उत्तमराव उठले, दाराशी गेले आणि उभे राहिले. खोलीत अंधार, फक्त पडद्याचा उजेड आणि तो दिवा. तिचं बोलणं क्षणभर थांबलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी काहीतरी विचारलं असावं. सुजाताने हसून उत्तर दिलं आणि पुन्हा सुरू झाली.

उत्तमरावांचा उजवा हात हळूहळू वर आला. मी तो धरला. मग त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं, कारण माझाही हात वर आलेला होता.

"लय लुकलुकायलाय हो," ते कानात म्हणाले.

"लुकलुकू द्या. तेच बोलणं आहे त्याचं."

"जळलं तर?"

"जळलं तर जळलं. आता नाही."

असे आम्ही दोघं, एकमेकांना अटक केल्यासारखे, दारात उभे. मग लाईट आली, तीही उसळून. आतल्या खोलीतला दिवा एकदम पांढराफटक झाला. उत्तमरावांनी डोळे घट्ट मिटले. काही जळलं नाही. सुजाता बोलत होती. शेवटी ती म्हणाली तो एक जर्मन शब्द मला कळला, कारण तो तिने मला दुकानात शिकवला होता. धन्यवाद.

ती गेली जर्मनीला. तेव्हापासून माझ्या धंद्यात एक प्रश्न वाढला आहे. फोनवर कोणीही म्हणालं की सर, अ‍ॅडाप्टर सापडत नाही, तर मी आधी विचारतो, "लाईट गेली की तुमच्याकडे काय काय काढतात?" लोक दुखावतात. "म्हणजे काय सर? सगळंच काढतात. आम्ही काय बिनकामाची माणसं आहोत का?" बरेचदा दुरुस्ती तिथेच होते. मोटारसायकल काढायची गरज पडत नाही, सुशीलाही मिळत नाही.

बोरीला मात्र जातो अधूनमधून. ड्रायव्हर नवा आलाय, घालून देतो, असं सांगून. तो जुना लॅपटॉप आता उत्तमरावांकडे असतो, लाल पट्टीसकट, लेकीशी बोलायला. परवा गेलो तेव्हा संध्याकाळी तिचा फोन आला. पडद्यावर तिचं स्वयंपाकघर, मागे चहाची विजेची किटली वाफाळायला लागलेली. शांताबाई तिला कुरडया पाठवल्यात म्हणून सांगत होत्या. आणि आमच्याकडे लाईट गेली.

उत्तमरावांनी टीव्ही काढला, माळ काढली. लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले आणि अंधारात मोठ्या अभिमानाने म्हणाले, "लाईट गेली बघ. पण न्हाई काढलं मी."

पडद्यावर सुजाता नव्हती. नुसती खुर्ची होती. मग ती बाजूने आली. तिच्या हातात किटलीची पिन होती.

"अगं, इथली गेलीय लाईट," उत्तमराव म्हणाले. "तुझी न्हाई."

तिने हातातल्या पिनेकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"अण्णा," ती म्हणाली, "माझा चहा राहिला की हो."